वाचकांचे प्रश्न : रूळ गेले, पट्टी उरली

प्रश्न : नाशिकमध्ये पूर्वी ट्राम धावायची असं घरातली जुनी माणसं सांगतात. तिच्या मार्गावर आता सायकल ट्रॅक होऊ शकेल का? (एक वाचक, जेल रोड)

उत्तर : ही ट्राम १८८९ मध्ये सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ती जायची, आधी घोड्यांच्या जोरावर आणि नंतर इंजिनावर. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आज तिचे रूळही नाहीत आणि जमिनीची सलग पट्टीही नाही, त्यामुळे तिचा सायकल ट्रॅक होणार नाही.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची खरी किंमत त्याच्या जमिनीत असते: अरुंद, जवळजवळ सपाट आणि न तुटलेली. सिंगापूरमधून जाणारी मलेशियाची रेल्वे ३० जून २०११ रोजी थांबली. तिथे रूळ काढले, पण सुमारे २४ किलोमीटरची पट्टी अखंड ठेवली, म्हणूनच आज तिच्यावरून सलग चालता येतं, सायकल नेता येते. मधला एखादा किलोमीटर जरी विकला गेला असता, तरी उरलेल्या तुकड्यांची उद्यानंच झाली असती.

आपल्याकडे एकलहरे वीज केंद्राच्या कोळशाच्या साइडिंगसारख्या (मालगाडीच्या फाट्यासारख्या) वापरातल्या मार्गाकडे बघू नये. जुन्या पाटाच्या कडेची पट्टी मात्र जरूर बघावी. पाण्याला उतार बेताचाच लागतो, त्यामुळे तिथे सायकलला चढ जाणवत नाही.

प्रश्न : अशी पट्टी सापडली तर आधी कुठे जायचं? (एक वाचक, उपनगर)

उत्तर : आधी भूमी अभिलेख कार्यालयात. सातबारा (तो तलाठ्याकडे मिळतो) किंवा मिळकत पत्रिका काढा आणि मोजणी करून तिच्या नकाशाची ‘क’ प्रत घ्या. रूळ गेले म्हणजे जमीन मोकळी झाली असं होत नाही, मालकी रेल्वेची असेल तर ती तशीच राहते. मग विकास आराखडा पाहा. त्यात रस्त्याचं आरक्षण नसेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करून घ्यावा लागतो. आधी डांबर आणि मग कागद, असा उलटा क्रम लागला की दोन्ही टोकं तयार होतात आणि मधला दोनशे मीटर वर्षानुवर्षं अडकतो.

प्रश्न : रुळाखालच्या खडीवर थेट मुरूम पसरून दाबला तर स्वस्तात काम होईल ना? (एक वाचक, सिडको)

उत्तर : कृपया असं करू नका. रुळाखालची खडी साधारण ५० मिमीची, आणि दोन दगडांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. वर पसरलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात त्या फटींत उतरतो. वरून रस्ता शाबूत दिसतो, आत पोकळी झालेली असते. मग सायकलचं चाक एका जागी बसतं आणि तिथेच खड्डा पडतो.

दुसरी चूक याच्या अगदी उलट, म्हणजे सगळंच खणून काढणं. गाड्यांच्या वजनाने रुळाखालचा भराव कित्येक वर्षं दबलेला असतो, त्याच्याइतका पक्का पाया रोलरने मिळत नाही. तेलाने माखलेली आणि मातीने भरलेली वरची खडी तेवढी काढा. खालची सारखी करून तिच्यात बारीक खडी आणि क्रश सँड भरा, रोलर फिरवा. वर १५० मिमी वेट मिक्स (पाणी घालून मिसळलेली लहान-मोठी खडी) आणि त्यावर ४० मिमी डांबरी थर. ३ मीटर रुंद ट्रॅकसाठी वेट मिक्स ३.४ मीटर रुंद घ्या, नाहीतर डांबराची कड तुटते. एका किलोमीटरला दाबलेलं वेट मिक्स सुमारे ५१० घनमीटर, म्हणजे १८० ब्रास लागेल. दबण्याचा हिशेब धरून सव्वादोनशे ते अडीचशे ब्रास मागवा. डांबरी मिश्रण साधारण २७५ टन.

उतार एकाच बाजूला, दोन टक्के. ३ मीटरला ६ सेंटिमीटर. कडेचं जुनं गटार आधी उपसून घ्या. भराव संपून काळी माती लागते तिथे हे टाळलं तर पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि डांबराला लांबच लांब भेग पडते. पेव्हर ब्लॉक नकोत. सांध्यांवर हँडल सतत थरथरतं, आणि एक ब्लॉक बसला की शेजारचेही हलतात.

प्रश्न : याच पट्टीवरून बसही न्यावी, असं आमच्या भागातल्या लोकांचं म्हणणं आहे. जमेल? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : रुंदी मोजा. दुपदरी बसला ७ मीटर, सायकलला ३, चालणाऱ्यांना २ आणि मधल्या अंतराला १ मीटर, म्हणजे १३ मीटर. थांब्याच्या जागी आणखी ३. एकेरी मार्गाच्या भरावाचा माथा जेमतेम सहा-सात मीटर असतो, त्यावर हे दोन्ही मावत नाही. मात्र भरावाच्या पायथ्यालगतची जमीनही त्याच मालकाची असेल तर वाट निघते.

जागा कमी असेल तर सायकल ट्रॅक आज करा, पण तो एका कडेला. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या मिडटाउन ग्रीनवेमध्ये रेल्वेच्या जुन्या खोल चरात सायकल मार्ग केला आणि पुढच्या वाहतुकीसाठी बाजूची जागा राखून ठेवली. मधोमध ट्रॅक, दोन्ही बाजूंना झाडं आणि बाकडी हे दिसायला छान, पण दहा वर्षांनी बस आणायची झाली तर सगळंच उखडावं लागतं. थांबा आला की सायकल थांब्याच्या मागून न्या, पुढून नेली तर उतरणारा प्रवासी थेट चाकाखाली येतो.

प्रश्न : ट्रॅकवर मोटारसायकली घुसतात. लोखंडी खांब किती अंतरावर लावावेत? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : दीड मीटर अंतर ठेवा. त्याने कार अडतात, रिक्षा आणि मोटारसायकल मात्र अडत नाहीत. अंतर आणखी कमी केलं तर तीनचाकी सायकल आणि व्हीलचेअरही अडतात. खांब एक किंवा तीन असावेत. दोन लावले की मधून एकच वाट उरते आणि समोरासमोरच्या सायकली तिच्यात एकमेकींवर येतात. खांबाला पांढरी-लाल रिफ्लेक्टर पट्टी लावाच, कारण रात्री न दिसलेल्या खांबाने मोडलेले दात आणि मनगटं मोटारसायकलच्या त्रासापेक्षा वाईट.

मोटारसायकल रोखायची जागा खरं तर रस्ता ओलांडण्याची आहे. तिथे ट्रॅक रस्त्याच्या पातळीवर उतरवू नका. रस्ताच १० सेंटिमीटर उचलून ट्रॅकच्या उंचीला आणा, म्हणजे गाड्या हळू होतात आणि ट्रॅकवर वळणाऱ्याला चढ चढावा लागतो. नाशिकच्या द्वारकेसारख्या मोठ्या चौकात मात्र एवढ्याने भागणार नाही, तिथे सायकलसाठी वेगळा सिग्नल हवा.

प्रश्न : आठवण म्हणून थोडे रूळ ट्रॅकवर तसेच ठेवावेत का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : कडेला ठेवा, चाकाच्या वाटेत नको. साध्या सायकलचा टायर दीड इंची, आणि फाटकाजवळ रुळालगतची फट दोन इंचांची. तिरकं गेलेलं चाक त्यात अडकलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ओलांडणं टाळताच येत नसेल तर वाट वळवून रुळाला काटकोनात आणा.

लाकडी स्लीपरांची बाकडी करू नका. त्यांना क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) पाजलेलं असतं, उन्हात ते पाझरतं आणि कपड्याला, कातडीला लागतं. ते लाकूड चुलीत किंवा शेकोटीतही घालू नये.