आधी प्लांटवर जाऊन ये

तुझी मेल मिळाली, सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचे (एसटीपी) ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारी यंत्रं, मशीन लर्निंगनं (एमएल) नीट चालवायच्या तुझ्या संशोधनाचा सिनॉप्सिस पण वाचला. चांगला लिहिलायस, पण खरं सांगू का, त्यात एसटीपी फक्त पहिल्या पानावरच्या आकृतीत आहे, पुढे सगळं एलएसटीएम नि ट्रान्सफॉर्मर ही एमएल मॉडेल्सच. मॉडेल कुठलं घ्यायचं हे आत्ता नको ठरवूस, आधी पंधरा दिवस प्लांटवर जाऊन बस, त्यातले दोन-तीन दिवस तरी नाईट शिफ्टला.

का ते सांगतो. माझ्या पीएचडीत एक मॉडेल डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमधे) इतका मस्त प्रेडिक्ट करायचं की गाईड पण खूश होते. दर मंगळवारी सकाळी डीओ ०.६ वरून एकदम अडीचच्या पुढे जायचा आणि मॉडेलला ते आधीच कळायचं! मी त्यावर लोड पॅटर्न (प्लांटवर येणाऱ्या घाणीचे चढउतार) वगैरे लिहून मोकळा झालो होतो. मग एकदा मंगळवारी तिथे गेलो तर ऑपरेटर काकांनी डीओ मोजणारा प्रोब वर ओढला, त्याला केस, चिंध्या आणि बोटभर चिकट गाळ, फडक्यानं पुसून परत टाकीत सोडला आणि स्क्रीनवर तीच उडी. म्हणजे मॉडेल शिकलं काय, तर काकांचा साफसफाईचा वार. वर त्या गाळातले जीवाणूच ऑक्सिजन खातात, त्यामुळे रीडिंग कमी दिसतं आणि ब्लोअर उगाच जोरात पळतो, वीजबिल चढतं ते वेगळंच.

लॉगबुकातल्या तारखा पण नीट विचारून घे. आपल्याकडे बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते) २७ डिग्रीला ३ दिवस ठेवून काढतात, तर लिहिलेली तारीख सँपल घेतल्याची की रिझल्ट आल्याची? मी विचारलं नव्हतं, सहा महिने तीन दिवस सरकलेला डेटा वापरत बसलो.

आता तुझ्या मेन मुद्द्याबद्दल, म्हणजे ब्लोअर ऑप्टिमायझेशन. जुन्या डेटावर ते थेट जमणार नाही बघ. लोड वाढला की कंट्रोलर हवा वाढवतो, आणि लोड वाढलेला असल्यामुळे आउटलेटचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यातला, अमोनिया पण थोडा चढतो. डेटात दिसतं काय, तर हवा वाढली की अमोनिया वाढतो, मग मॉडेल तुला शांतपणे सांगणार की ब्लोअर बंद करा. प्रत्यक्षात १ किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो, तो काय आकाशातून पडणारे का? म्हणून प्लांट मॅनेजरशी बोलून डीओ सेटपॉइंट (कंट्रोलरला दिलेलं डीओचं लक्ष्य) मुद्दाम थोडा वरखाली करायची परवानगी काढ, समजा १.५ ते २.५ मधे, वेळा आपण ठरवायच्या, लोड बघून नाही. तसल्या आठवडाभराच्या डेटाला वर्षभराच्या साध्या डेटापेक्षा जास्त किंमत आहे. परवानगी नाहीच मिळाली तर १९८७ चं एएसएम१ (टाकीतल्या जीवाणूंच्या कामाचं गणिती मॉडेल) घेऊन त्यावर सिम्युलेशन कर, आणि त्याचं जिथे चुकतं तेवढंच एमएलला शिकव.

आणि मॉडेलला शिकवायचा नि तपासायचा डेटा वेगळा करताना रँडम स्प्लिट नको गं. दर मिनिटाचा वर्षभराचा डेटा म्हणजे सव्वापाच लाख रांगा, ऐकायला भारी वाटतं, पण पावसाळा त्यात एकदाच आलाय. डीओ मिनिटांत बदलतो, अमोनिया तासांत, स्लज (टाकीतला जीवाणूंचा गाळ) बदलायला मात्र आठवडे लागतात. तारखेनं तोड, आणि 'आत्ता जे आहे तेच तासाभरानं असेल' ही फुकटची बेसलाईन (तुलनेसाठीचा साधा अंदाज) पेपरमधे टाकच, बरीच मॉडेल्स तिच्यापुढे कशीबशी टिकतात.

रिव्ह्यूअर, जर्नल वगैरेचं नंतर बघू, घाई नाहीये.

प्लांटवर गेलीस की पहिल्याच दिवशी ऑपरेटरला सांगून एअरेशन टँकमधलं (हवा सोडतात त्या टाकीतलं) एक लिटर पाणी मेजरिंग सिलिंडरमधे घे आणि अर्धा तास गाळ कसा बसतो ते नुसतं बघत बस, मोबाईल बाजूला ठेवून. वरचं पाणी नितळ होतंय की गढूळच राहतंय, गाळ किती मिलीवर थांबला, ते वहीत लिही आणि सिलिंडरचा फोटो मला पाठव. गमबूट स्वतःचे ने, तिथले मापाचे नसतात.