पार्सलमागे दर मिळतो, किलोमीटरचे काय?

प्रश्न : म्हापशातल्या एका कुरियर हबमधून आम्ही ४५ जण पार्सले पोचवतो. पैसे पार्सलमागे, पेट्रोल आमचे. अमेरिकेत यूपीएस या कुरियर कंपनीच्या कामगारांनी संघटनेच्या जोरावर पगार वाढवून घेतला, असे वाचले. आम्हांला ते जमेल का?
– एक डिलिव्हरी कामगार, बार्देश

उत्तर : जमेल. मात्र आधी हे बघा की तुम्ही ४५ जण नेमके कोणाच्या हजेरीपटावर आहात. २०२३ मध्ये यूपीएसचे सुमारे ३,४०,००० कामगार एकाच कंपनीचे आणि एकाच टीमस्टर्स संघटनेचे होते. त्या वर्षी जुना करार ३१ जुलैला संपत होता आणि संपाची तयारी पक्की होती. म्हणून संपावर न जाताच अर्धवेळ कामगाराचा सुरुवातीचा दर तासाला २१ डॉलर ठरला. त्याच देशात फेडेक्स या दुसऱ्या कुरियर कंपनीच्या ग्राउंड सेवेचे चालक वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे विखुरलेले आहेत. त्यांच्याकडे असा करार नाही.

पगाराची पावती आणि पीएफ कोणाच्या नावाने येतो ते प्रत्येकाचे तपासा. समजा २८ जण कंत्राटदाराच्या पटावर निघाले आणि १७ जण स्वतःची स्कूटर घेऊन ॲपवर. कायद्याने हे १७ जण गिग कामगार, म्हणजे नोकरीत नसलेले, कामागणिक पैसे घेणारे, ठरण्याची शक्यता जास्त. त्यांना सोबत घ्या, ई-श्रम या सरकारी पोर्टलवर त्यांची नोंदणी करा, पण २८ च्या हिशेबात त्यांच्या सह्या मोजू नका. संघटनेच्या नोंदणीचा अर्ज अडतो तो इथेच.

औद्योगिक संबंध संहिता या केंद्राच्या कायद्यानुसार संघटनेच्या नोंदणीला १० टक्के किंवा १०० कामगार, यांतले जे कमी असेल ते लागतात. पण सातपेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे तुम्हांला सात पुरे. हबमध्ये दुसरीही संघटना असेल, तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के हवेत, म्हणजे २८ पैकी १५. आमचा सल्ला २० सह्यांचा, कारण दबाव आला की दोन-चार जण मागे सरतात.

मागणी नुसती ‘दर वाढवा’ अशी नको. समजा ७२ पार्सले नेली, ६० पोचली, दर १४ रुपये : हाती ८४०. फिरणे ९० किलोमीटर, त्याला दोन लिटर पेट्रोल, सुमारे २०० रुपये. टायर, ऑइल, ब्रेक यांचे किलोमीटरला एक रुपया धरून ९०. उरले ५५०, दहा तासांच्या कामाचे तासाला ५५. परत आलेल्या १२ पार्सलांवर पेट्रोल जळले, पैसा शून्य. पणजीत एका इमारतीत दहा पार्सले संपतात. सत्तरी तालुक्यात घर नंबर आणि वाड्यावरून एकेक घर शोधावे लागते. दोन्हीकडे एकच दर हा सरळ अन्याय आहे. म्हणून किलोमीटरमागे वेगळा भत्ता, परत आलेल्या पार्सलाला अर्धा दर आणि दिवसाची किमान हमी, या तीन मागण्या आधी लिहा. सोबत महिनाभराची प्रत्येक रूटची नोंदवही जोडा.

मागणीपत्र चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी द्या. दिवाळीच्या सेलमध्ये हब तुंबतो, तेव्हा तुमचे वजन सर्वांत जास्त. एक प्रत मूळ कंपनीला, एक पाटो-पणजीच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांना. पोच घ्याच. संप करायचा तर १४ दिवसांची नोटीस लागते. समेटाची बैठक सुरू झाली की ती संपेपर्यंत आणि पुढे सात दिवस संप करता येत नाही. रागाच्या भरात सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली रजा संपच धरली जाते, आणि नोटीस नसल्याने तो बेकायदा ठरतो.