जुळे सोलापुरात अंगणातल्या हिरवळीवर चोच खुपसणारा तुरेवाला पक्षी सुतारपक्षी आहे का?

नाही, तो हुदहुद आहे. तुम्ही लिहिलेला बदामी रंग, पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे आणि लांब, किंचित बाकदार चोच, हे सगळं एकत्र आपल्याकडच्या दुसऱ्या पक्ष्यात सापडत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जातो तेव्हा हा बरेचदा दिसतो. मऊ मातीत चोच घालून तो अळ्या उपसतो. खाली उतरला की क्षणभर तुरा पंख्यासारखा फुलवतो, तेव्हा पिसांची काळी टोकं नीट बघा. सुतार खोडाला चिकटून वर सरकतो. तुमचा पक्षी खोडावरही तसाच चढत असेल, पाठ सोनेरी आणि तुरा लाल असेल, तर मात्र तो सोनपाठी सुतार. आणि कृपा करून हिरवळीवर कीटकनाशक मारू नका, त्याचं खाणं तिथंच आहे.