पप्पांचं पंप-नोझलचं दुकान आणि इलेक्ट्रिक ट्रक

प्रश्न: सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडाळा ट्रक टर्मिनलजवळ पप्पांचं डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचं दुकान आहे. आता ट्रक पण इलेक्ट्रिक येतायत, पप्पा म्हणतात या लाइनीत काही राहिलं नाही, कोडिंगचा क्लास लाव. काय करू? आणि डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर घेऊ का?

उत्तर: अरे, आधी पप्पांना सांग, दुकानाला उद्याच टाळं लागत नाहीये. मोठा ई-ट्रक डिझेलवाल्याच्या दोन-तीन पट महाग पडतो, आणि केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतली सबसिडी ट्रकमागे जास्तीत जास्त 9.6 लाख, ती पण देशभरात साधारण 5,600 गाड्यांनाच, म्हणजे नोझलचं काम अजून बरीच वर्षं आहे. पण त्यांची भीती अगदीच खोटी नाही हं. सरकारचाच आकडा आहे, गाड्यांमध्ये ट्रक फक्त 3 टक्के आणि वाहतुकीच्या ग्रीनहाऊस उत्सर्जनात त्यांचा वाटा 42 टक्के, त्यामुळे हा विषय काही मागे पडणार नाही.

सुरुवात आपल्या बाजूलाच होतेय, न्हावा शेवाला. कंटेनर घेऊन भिवंडीला जायचं, परत यायचं, रूट ठरलेला, यार्ड ठरलेलं, मग चार्जिंग नाहीतर बॅटरी बदलणं जमतं. मुंबई-गुवाहाटी मारणारी गाडी एवढ्यात नाही बदलायची.

आता तुझं. ई-ट्रकमध्ये इंजिन, नोझल, टर्बो, क्लच प्लेट जातं, पण एअर ब्रेक, पाटे, एक्सल, फिफ्थ व्हील (ट्रेलर जोडायची तबकडी) सगळं तसंच राहतं, फक्त एअर कॉम्प्रेसर वेगळ्या मोटरवर फिरतो. म्हणून मी म्हणतो ट्रक सोडू नकोस, त्यात करंट शिकून घे.

माझा एक जुना विद्यार्थी डेपोत काम करतो, त्याला बघत उभा होतो एकदा. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलला हात लावायच्या आधी त्याने गाडी बंद केली, रबरी हातमोजे घातले, सर्व्हिस प्लग (बॅटरीचा करंट तोडणारा) काढून स्वतःच्या खिशात टाकला, थांबला, मग मीटर लावून शून्य आलंय का बघितलं आणि मगच स्पॅनर उचलला. मोठ्या गाड्यांना 600-700 व्होल्ट असतात रे, स्कूटरवर शिकवणारा पंधरा दिवसांचा ईव्ही कोर्स इथे कामाचा नाही, त्यात पैसे घालू नकोस (जाहिराती बघून बघून डोकं उठलंय माझं).

ई-ट्रक अजून मोजकेच आहेत म्हणून शिकायला बस बघ. बेस्टच्या डेपोंमध्ये भाड्याच्या इलेक्ट्रिक बस उभ्या असतात, त्या चालवणाऱ्या कंपन्यांकडे मेंटेनन्सला अप्रेंटिस म्हणून घेतात का विचार, जाऊन विचार, नुसता मेल टाकून बसू नकोस. पगार सुरुवातीला थोडा असेल. आणि संध्याकाळी दुकानात बसत जा, टेस्टरवर नोझलचा फवारा बघून फॉल्ट सांगणारा माणूस घरात आहे तुझ्या, ती शोधायची सवय मोटर-कंट्रोलरलाही लागते.

डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर घ्यायचं का तेही विचारलंयस, पण मॅथ्सचे मार्क लिहिलेच नाहीस. ते कळव, मग बोलू.