पाठ केलेले शब्द टिकत का नाहीत?

प्रश्न : मी ग्रामीण भागातील शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. रोज दहा शब्द स्पेलिंग आणि अर्थासह फळ्यावर लिहून देते. दुसऱ्या दिवशी मुले ते घडाघडा म्हणून दाखवतात. आठवड्याने विचारले, तर एकमेकांकडे पाहत राहतात. त्यांच्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही. पाठांतर वाढवावे का?

उत्तर : वाढवू नये, उलट रोजचे शब्द चार-पाचांवर आणावेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून पाहिले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले : विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. वाक्याबाहेर, सुट्या यादीत आलेला शब्दही मुलांना जवळजवळ तसाच निरर्थक असतो. म्हणून आजचा शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा यावा, आणि प्रत्येक वेळी नव्या वाक्यात यावा. उजळणीच्या वेळी अर्थ आधी सांगू नका. मुलांना तो आठवू द्या, कारण आठवण्याच्या खटपटीतच शब्द पक्का होतो.

शब्दांची निवडही तपासावी. इंग्रजी अध्यापनाचे ब्रिटिश अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नित्योपयोगी अशा सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तीही शब्द किती वेळा वापरात येतो हे पाहून. प्राण्यांची पंचवीस नावे येणाऱ्या मुलाला ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांतला फरक सांगता येत नसेल, तर ती नावे त्याच्या फारशी उपयोगी पडत नाहीत.

‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच तासाला शिकवण्याचा मोहही टाळावा. विरुद्धार्थी जोड्या पाठ्यपुस्तकात शोभून दिसतात, पण दोन्ही शब्द नवे असताना मुलांच्या मनात त्यांची हमखास अदलाबदल होते. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्यावा.

घरी इंग्रजी नाही, हे खरे; परंतु टेबल, पेन, बॅट, चार्जर हे शब्द मुले रोज बोलतात. ‘द पेन इज अंडर द टेबल’ या वाक्यात ‘अंडर’ एवढाच शब्द त्यांना सर्वस्वी नवा असतो. पेन प्रत्यक्ष टेबलाखाली ठेवून वाक्य म्हणवून घेतले, की मराठी अर्थ सांगण्याची गरजच उरत नाही. स्पेलिंग मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. सव्वीस अक्षरांत चाळीसहून अधिक ध्वनी बसवणाऱ्या भाषेत कान आधी तयार झालेला बरा.