मेण लावू देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी बासरी शिकते. तिच्या मामाने शांघायहून चिनी बासरी आणली. तोंडाचं छिद्र आणि बोटांची सहा छिद्रं यांच्या मधे एक जादा छिद्र आहे. त्यामुळे नुसती हवाच ऐकू येते. एक दुकानदार म्हणाला, मेणाने बुजवून देतो. बुजवावं का?
– एक आई, गोरेगाव

उत्तर : ताई, मेण अजिबात लावू देऊ नका! या बासरीला डीझी म्हणतात आणि तिचा सगळा जीव त्याच छिद्रात आहे. पाणथळीत वाढणाऱ्या बोरूच्या पोकळ दांड्यातला आतला पापुद्रा त्यावर चिकटवतात. फुंकेसरशी तो थरथरतो आणि तंबोऱ्याला जवारी लागावी तसा सूर झणकारतो.

हे छिद्र मागाहून आलं. हेनान प्रांतात जियाहू इथे क्रौंचाच्या पंखाच्या हाडाचे सुमारे 8 हजार वर्षांपूर्वीचे पावे सापडले, पण ते उभे धरून फुंकायचे. मावांगदुईच्या इ.स.पू. 168 मधल्या थडग्यात बांबूच्या बासऱ्या मिळाल्या, त्यांनाही पापुद्र्याचं छिद्र नाही. ते तांग काळातलं (इ.स. 618–907) मानतात. पुढे दक्षिणेत कुनछ्यू संगीत नाटकाच्या साथीला लांब, मृदू छ्वीदी आली आणि उत्तरेत आखूड, तार आवाजाची बांगदी.

आता पापुद्रा कसा लावायचा ते सांगतो. त्याला आधी बोटांनी हलकेच आडव्या, बारीक सुरकुत्या पाडायच्या. लसणाची पाकळी कापून छिद्राच्या फक्त कडेला चोळायची आणि पापुद्रा अलगद बसवायचा. फार ताणला तर झणक मरते, सैल राहिला तर आवाज फाटतो. आमच्या पार्ल्याच्या घरात जून लागला की दमट हवेने तो सैलावतोच, मग पुन्हा बसवावा लागतो. तोवर रियाजापुरती साधी चिकटपट्टी चालते, ती काढता येते. मेण बांबूत मुरतं.

मुलीला एक गोष्ट जरूर सांगा, तिला फार आनंद होईल. वरची तीन छिद्रं झाकली की सा आणि सहाही झाकली की खालचा पंचम, हा हिशेब आपल्या बासरीसारखाच आहे! बासरीवर ‘डी’ कोरलेलं असेल तर तिचा सा पेटीवरच्या पांढरी दोनचा. भूप आजच वाजवून बघू दे. टोकाकडे आणखी काही छिद्रं दिसतील, त्यांवर बोट ठेवायचं नसतं. सर्वांत खालचा सूर त्यांच्यावर ठरतो, तेव्हा ती मोकळीच राहू द्या.