अतिनील किरणांनी उत्परिवर्तन (जनुकांतील बदल) घडवून बुरशीचे औषधी उत्पादन खरोखर वाढवता येते का?

होय, वाढवता येते, आणि पेनिसिलिन हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर सापडलेल्या पेनिसिलियम बुरशीच्या वाणावर आधी क्ष-किरणांचा आणि नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांचा मारा करण्यात आला. त्यातून निवडलेला क्यू-१७६ हा वाण पुढे अनेक औद्योगिक वाणांचा पूर्वज ठरला. अशा वाणांच्या पुढील अभ्यासात असे दिसले की त्यांपैकी अनेकांत पेनिसिलिन तयार करणाऱ्या जनुकसमूहाच्या एकाहून अधिक प्रती असतात, म्हणजे केवळ एखादा बिघाड नव्हे, तर निर्मितीची यंत्रणाच विस्तारलेली असते. मात्र किरण कोणते जनुक बदलतील हे आपल्या हाती नसते. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक ठरतात, म्हणून खरे श्रम किरण देण्यात नसून जगलेल्या बीजाणूंपासून वाढलेल्या हजारो वसाहतींची उत्पादनक्षमता एकेक करून मोजण्यात आहेत (ही पायरी नवखे संशोधक हमखास कमी लेखतात). शिवाय निवडलेला वाण वारंवार नव्या पोषक माध्यमावर वाढवत राहिल्यास त्याची क्षमता घटू शकते, त्यामुळे मूळ बीजाणू सुरुवातीलाच गोठवून जपून ठेवावेत.